ब्रिटिश माणूस म्हणजे नक्की कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी २००९ पासून वेल्समधल्या कार्डिफ शहरात राहते. दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात इकडे शिकायला येणाऱ्या मुलांचे, त्यांच्या आईवडिलांचे, नोकरीसाठी निघालेल्या नर्सेसचे फोन येतात. घरभाडं, बँकेचं खातं, किती स्वेटर आणायचे हे सगळं विचारून झालं की गाडी हमखास एकाच ठिकाणी येते: "तिकडची माणसं कशी असतात हो?" या प्रश्नाला मी इतकी वर्षं तोंडी उत्तरं देत आले, ती आता एकत्र लिहून ठेवते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. ब्रिटिश माणूस म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जो उभा राहतो, तो बहुधा दक्षिण इंग्लंडमधला, वरच्या वर्गातला, गेल्या शतकातला पुरुष असतो. ते चित्र कोणी काढलं आणि कधी, हे पुष्कळदा सनावळीसकट सांगता येतं. खालच्या बऱ्याच उत्तरांमध्ये मी तेच केलं आहे.

इंग्लंड, ब्रिटन आणि यूके म्हणजे एकच ना?

नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स मिळून ग्रेट ब्रिटन होतं. त्यात उत्तर आयर्लंड धरलं की युनायटेड किंगडम, म्हणजे यूके. वेल्स सोळाव्या शतकात इंग्लंडच्या कायद्याखाली आलं, १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या संसदा मिळून एकच संसद झाली, १८०१ मध्ये आयर्लंड जोडलं गेलं आणि १९२२ मध्ये त्याचा मोठा भाग स्वतंत्र झाला. यूकेमधली शंभरातली चौऱ्याऐंशी माणसं इंग्लंडमध्ये राहतात, म्हणून बाहेरच्यांना इंग्लंड म्हणजेच सगळं असं वाटतं.

इथे आल्याच्या पहिल्या महिन्यात मी शेजारच्या आजींना म्हणाले होते, "तुम्हा इंग्लिश लोकांची बाग फार सुंदर असते." त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली, हातमोजे काढले आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "बाळा, मी इंग्लिश नाही. मी वेल्श आहे." मग चहाला आत बोलावलं आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या नकाशावर त्यांच्या आईचं गाव दाखवलं. बेळगावच्या मराठी माणसाला कोणी सहज कन्नडिग म्हटलं तर त्याला कसं वाटेल, ते त्या दिवशी मला कळलं.

मग मराठीत आपण सरसकट 'इंग्रज' का म्हणतो?

हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांमार्फत आला आणि सगळ्या गोऱ्या साहेबांना चिकटला. खरं तर आपल्या वाट्याला आलेल्या 'इंग्रजां'मध्ये स्कॉटिश माणसं खूप होती. पेशवाई बुडाल्यावर १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर असलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश. त्यांच्यानंतर १८३० पर्यंत गव्हर्नर असलेले जॉन माल्कम स्कॉटिश. साताऱ्याला रेसिडेंट असलेले, मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ग्रँट डफ स्कॉटिश. ज्यांच्या नावाने विल्सन कॉलेज उभं आहे ते मिशनरी जॉन विल्सनही स्कॉटिशच. यातल्या कोणाला इंग्लिश म्हटलेलं त्यांच्या गावच्या लोकांना आजही आवडणार नाही.

उलट बाजूने पाहिलं तर स्कॉटलंडला, 'राज्य इंग्लंडने केलं, आमचा काय संबंध' असंही म्हणता येत नाही. साम्राज्याच्या कामात स्कॉटिश माणसं पुढे होती. आज तिथे या विषयावर मोकळेपणाने बोललं जातं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

तिथले लोक स्वतःला काय म्हणवतात?

हे विचारण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे, आणि त्याचा एक पुरावा खरोखर पाहण्यासारखा आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत राष्ट्रीय ओळख विचारतात. २०११ मध्ये ५७.७ टक्के लोकांनी 'फक्त इंग्लिश' आणि १९.१ टक्के लोकांनी 'फक्त ब्रिटिश' असं सांगितलं. २०२१ मध्ये 'फक्त इंग्लिश' १४.९ टक्क्यांवर आले आणि 'फक्त ब्रिटिश' ५४.८ टक्क्यांवर गेले. दहा वर्षांत कोट्यवधी माणसांचं मन बदललं का? तसं काही झालं नाही. इंग्लंडमधल्या फॉर्मवर पर्यायांचा क्रम बदलला होता. आधी 'इंग्लिश' सर्वांत वर होतं, नंतर 'ब्रिटिश' वर आलं. आकडेवारी जाहीर करताना जनगणना खात्यानेही हे कारण दिलं.

म्हणजे इंग्लंडमधल्या पुष्कळ लोकांना इंग्लिश आणि ब्रिटिश यांतला फरक रोजच्या जगण्यात जाणवतच नाही. जे वर दिसेल त्यावर खूण केली. वेल्समध्ये आणि स्कॉटलंडमध्ये असं होत नाही. वेल्समध्ये निम्म्याहून अधिक लोक 'फक्त वेल्श' लिहितात, स्कॉटलंडमध्ये साधारण दोनतृतीयांश लोक 'फक्त स्कॉटिश'. धाकट्या भावंडांना आपण कोण हे सतत सांगावं लागतं, थोरल्याला ती गरज पडत नाही.

उत्तर आयर्लंडची गोष्ट आणखी नाजूक आहे. तिथे ओळखीवरून माणसं मेली आहेत. १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने तिथल्या लोकांना आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही म्हणवून घेण्याचा हक्क दिला. तिथल्या माणसाला आपणहून कुठलंच लेबल लावू नका.

ब्रिटिश माणूस भावना दाखवत नाही, हे खरं का?

वरचा ओठ ताठ ठेवायचा, रडायचं नाही, ही ब्रिटिशांची सर्वांत प्रसिद्ध ओळख. पण तो वाक्प्रचार छापील स्वरूपात आधी सापडतो तो अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. अठराव्या शतकातले इंग्लिश पुरुष चारचौघांत रडायचे. १७९१ मध्ये खासदार एडमंड बर्क यांनी भर संसदेत मैत्री तोडली तेव्हा त्यांचे जुने सहकारी चार्ल्स जेम्स फॉक्स सगळ्यांसमोर रडले. मन हळवं असणं हे त्या काळी सुसंस्कृतपणाचं लक्षण होतं.

ओठ ताठ झाला तो पुढे, व्हिक्टोरियन काळातल्या महागड्या निवासी शाळांमध्ये. सात-आठ वर्षांचा मुलगा घरापासून दूर नेऊन ठेवायचा, थंड पाण्याची अंघोळ, मैदानी खेळ, वेताची छडी. यातून साम्राज्य चालवणारे अधिकारी तयार व्हायचे. तेच अधिकारी आपल्याकडे कलेक्टर आणि जज्ज म्हणून आले. आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेला अबोल साहेब असा घडवलेला होता. खाणीतला मजूर, गोदीतला हमाल किंवा बाजारात मासे विकणारी बाई आपण पाहिलीच नाही, आणि ही माणसं तशी कधीच नव्हती.

कार्डिफमध्ये रग्बीच्या सामन्याला एकदा जाऊन बघा. सत्तर हजारांवर माणसं उभी राहून वेल्श भाषेतलं राष्ट्रगीत म्हणतात. 'हेन व्लाड वी न्हाडाय', म्हणजे माझ्या पूर्वजांची जुनी भूमी. हे गीत १८५६ मध्ये इथून जवळच्या पाँटिप्रिथ गावात एका बापलेकांनी रचलं. माझ्या पुढच्या रांगेत साठीचे एक गृहस्थ होते, लाल जर्सी, हातात कागदी पेला. दुसऱ्या ओळीपर्यंत त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ते पुसत नव्हते. शेजारचा मुलगा त्यांच्या खांद्यावर हात टाकून मोठ्याने गात होता. भावना न दाखवणारे लोक ते हेच, असं मला कोणी सांगितलं तर मी काय बोलू?

पण ते 'शांत राहा आणि काम चालू ठेवा'वालं पोस्टर? ते तर युद्धातलं आहे ना?

छापलं युद्धात, पण लोकांनी ते पाहिलंच नव्हतं. १९३९ मध्ये त्याच्या सुमारे साडेचोवीस लाख प्रती छापल्या आणि मोठ्या संकटासाठी राखून ठेवल्या. त्या जवळजवळ वापरल्या गेल्या नाहीत. बहुतेकांचा पुढच्या वर्षी लगदा केला. २००० साली उत्तर इंग्लंडमधल्या अल्निक गावातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एका खोक्याच्या तळाशी एक प्रत सापडली. दुकानदारांनी ती भिंतीवर लावली, गिऱ्हाईकं मागायला लागली, आणि बघता बघता कपांवर, पिशव्यांवर सगळीकडे ते वाक्य आलं. आज जगभर ते ब्रिटिश धीराचं प्रतीक मानतात, पण बॉम्ब पडत असताना ज्यांनी धीर धरला त्यांनी ते वाचलेलं नव्हतं.

रांगेची शिस्त त्यांच्या रक्तातच आहे का?

रक्तात काही नसतं. थॉमस कार्लाइल या स्कॉटिश इतिहासकाराने १८३७ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीबद्दल लिहिताना, पावाच्या दुकानापुढे आपण होऊन रांग लावण्याचं कसब हे पॅरिसच्या लोकांचं वेगळेपण असल्याचं नोंदवलं. म्हणजे तेव्हा रांग ही परक्यांची गंमत होती. इंग्रजीत रांगेसाठी वापरतात तो शब्दही फ्रेंच आहे.

ब्रिटिश रांग पक्की झाली ती रेशनिंगमध्ये. जानेवारी १९४० ते जुलै १९५४, साडेचौदा वर्षं. लोणी, साखर, मांस, सगळं कार्डावर. सरकारने रांग लावणं ही देशसेवा म्हणून सांगितली, पण बायका तासन्‌तास उभ्या राहून वैतागलेल्या असायच्या. रेशनच्या दुकानापुढे उभं राहिलेल्या कुठल्याही मराठी बाईला ते वेगळं सांगायला नको.

आता मात्र ती शिस्त खरी आहे. २०२२ च्या सप्टेंबरात राणी एलिझाबेथ यांच्या अंत्यदर्शनासाठी थेम्सच्या काठाने मैलोन्‌मैल रांग लागली, सुमारे अडीच लाख माणसं दर्शन घेऊन गेली, काही जण रात्रभर थंडीत उभे होते. आणि पबमध्ये बघा, तिथे रांग दिसतच नाही, सगळे काउंटरला टेकून उभे असतात, पण आपल्या आधी कोण आलं ते प्रत्येकाला पाठ असतं. कोणी मध्येच घुसलं तर कोणी ओरडत नाही, नुसतं बघतात. ते बघणं पुरतं.

चहा तरी अस्सल ब्रिटिश आहे ना?

चहाच्या आधी लंडनमध्ये कॉफीघरं होती. चहा चीनमधून आला आणि दरबारात रुजवला पोर्तुगालच्या राजकन्येने. कॅथरिन ऑफ ब्रागांझा १६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाशी लग्न करून इंग्लंडला आली, तिला घरी चहा प्यायची सवय होती. याच लग्नाच्या करारात पोर्तुगालने इंग्लंडच्या राजाला मुंबईची बेटं दिली, आणि राजाने ती १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली. इंग्लंडचा चहा आणि आपली मुंबई या एकाच आंदणातल्या दोन गोष्टी आहेत. मला ही गोष्ट आठवली की दर वेळी हातातला कप जरा थांबतो.

सामान्य माणसाला चहा परवडू लागला तो १७८४ मध्ये त्यावरचा जबर कर उतरल्यावर. पुढे आसामात मळे उभे राहिले. तिथल्या मजुरांचे हाल आणि साखरेसाठी कॅरिबियन बेटांवर राबलेले गुलाम हे त्या कपाचेच भाग आहेत. ब्रिटिश चहाच्या जाहिरातीतल्या हिरव्या कुरणांमध्ये ते दिसत नाहीत, म्हणून इथे सांगते. दुसऱ्या महायुद्धात माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे सुमारे सत्तावन्न ग्रॅम चहा मिळायचा, आणि ते बंधन १९५२ पर्यंत होतं.

एक व्यवहाराची सूचना: उत्तर इंग्लंडमध्ये आणि वेल्सच्या बऱ्याच घरांत 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण. "टीला या" असं बोलावणं आलं तर भरपेट जेवून जाऊ नका. मी गेले होते, आणि समोर बटाटे, मटण आणि वाटाण्याचं भरलेलं ताट आलं.

तिथलं जेवण बेचव असतं म्हणतात.

ही बदनामी बरीचशी रेशनिंगच्या काळातली आहे. अंड्याची पूड आणि मोजकं मांस यावर एक अख्खी पिढी स्वयंपाक शिकली. बाकी त्यांचं म्हणून जे ओळखलं जातं त्यात बाहेरचं खूप आहे. पिठात घोळून तळलेला मासा स्पेन-पोर्तुगालमधून आलेल्या ज्यूंचा, बटाटा दक्षिण अमेरिकेचा. 'केजरी' म्हणजे आपली खिचडी, त्यात त्यांनी मासा आणि अंडं घातलं. शेख दीन मोहंमद या पाटण्याच्या माणसाने १८१० मध्येच लंडनला हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल काढलं होतं. आज जी 'इंडियन' हॉटेलं दिसतात त्यातली पुष्कळ बांगलादेशच्या सिल्हेटमधल्या कुटुंबांची आहेत.

पाऊस सतत पडतो का?

लंडनला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याला त्याहून जास्त. फरक इतकाच की पुण्याचा पाऊस चार महिन्यांत आटोपतो, इथला बारा महिने थोडा थोडा येत राहतो. वेल्स आणि स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला मात्र खरंच भरपूर पाऊस आहे. आणि १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमधल्या कोनिंग्जबीला ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं, तेव्हा पंखेही नसलेल्या घरांमध्ये म्हाताऱ्या माणसांचे फार हाल झाले.

हवामानावर बोलतात ते ओळख काढण्यासाठी. आपल्याकडे गाडीत शेजारी बसलेल्याला "कुठपर्यंत?" विचारतात, तसं.

ते मनातलं सरळ का बोलत नाहीत?

हा समज बराचसा खरा आहे, निदान इंग्लंडमधल्या मध्यमवर्गापुरता. 'वाईट नाही' म्हणजे चांगलं. 'छान कल्पना आहे, बघू या' म्हणजे बहुधा नाही. 'तुमच्याबद्दल आदर ठेवून म्हणतो' अशी सुरुवात झाली की पुढे विरोध येणार हे समजा. कोरियन युद्धातला एक प्रसंग यासाठी नेहमी सांगतात. एप्रिल १९५१ मध्ये इमजिन नदीवर ग्लॉस्टरशायर रेजिमेंटला चिनी फौजेने वेढलं होतं. ब्रिटिश ब्रिगेडियरने अमेरिकी वरिष्ठांना कळवलं की परिस्थिती जरा अवघड आहे. अमेरिकी अधिकाऱ्यांनी त्याचा अर्थ, अजून निभावतंय असा घेतला. पलटणीचे शेकडो जवान कैद झाले.

आपल्या पेठांमधल्या बोलण्यातही अशा आडवळणांची कमी नाही, त्यामुळे मराठी माणसाला हे शिकायला फार वेळ लागत नाही. पण उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये गेलात तर लोक तोंडावर स्पष्ट सांगतील, आणि स्कॉटलंडच्या ग्लासगोत त्याहून स्पष्ट.

स्कॉटिश कंजूष, वेल्श आळशी, असं का म्हणतात? हे समज आले कुठून?

कोण कोणाबद्दल बोलतंय ते बघा, म्हणजे उत्तर सापडतं. स्कॉटिश माणसाच्या चिक्कूपणाचे विनोद आपल्या मासिकांतही वर्षानुवर्षं छापून आले. गरीब प्रदेशातून कामासाठी बाहेर पडलेला माणूस जपून खर्च करतो, तेवढ्यावरून ते सुरू झाले. अफाट संपत्तीतला बहुतेक भाग ग्रंथालयांना आणि शिक्षणाला देऊन टाकणारे अँड्र्यू कार्नेगी स्कॉटलंडच्या डनफर्मलिनमधले होते, ते या विनोदांमध्ये कधी येत नाहीत.

वेल्सची गोष्ट मला जास्त लागते, कारण तिच्याशी आपलं नातं आहे. १८४७ मध्ये सरकारने वेल्समधल्या शिक्षणाची पाहणी केली. पाहणीला आलेल्या तिघा इंग्लिश वकिलांना वेल्श येत नव्हतं. वेल्शशिवाय दुसरी भाषा न कळणाऱ्या मुलांना त्यांनी इंग्रजीत प्रश्न विचारले, मुलं गप्प राहिली, आणि अहवालात लिहिलं गेलं की हे लोक अडाणी आहेत, त्यांची नीती ढासळलेली आहे आणि त्यांची भाषा हा प्रगतीतला अडथळा आहे. निळ्या पुठ्ठ्याचे ते खंड वेल्समध्ये आजही 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणून ओळखले जातात. त्याच शतकात इथल्या कित्येक शाळांमध्ये वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची एक पट्टी अडकवत. दुसरं कोणी वेल्श बोललं की पट्टी त्याच्याकडे. दिवसअखेर ज्याच्या गळ्यात ती राहील त्या पोराला मार.

मेकॉलेचं हिंदुस्थानातल्या शिक्षणावरचं टिपण १८३५ चं. बारा वर्षांनी स्वतःच्या बेटावर, स्वतःच्या शेजाऱ्यांबद्दलही तीच भाषा वापरली गेली. शेजारच्या आजींच्या आजीने ती पट्टी गळ्यात घातली होती. आजींना त्यामुळे घरात वेल्श मिळालीच नाही. त्या साठाव्या वर्षी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती शिकल्या. २०२१ च्या जनगणनेत वेल्समधल्या १७.८ टक्के लोकांनी वेल्श येते असं सांगितलं, त्यात त्या आहेत.

असल्या समजांनी खरंच कोणाचं नुकसान होतं का? गंमतच तर असते.

१५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा सामना होता. बाहेर गर्दी साचली तेव्हा पोलिसांनी एक फाटक उघडलं, आणि आत आलेला लोंढा आधीच भरलेल्या, जाळीने बंद केलेल्या भागात गेला. माणसं उभ्याउभ्या चिरडली. एकूण ९७ जणांचा जीव गेला, त्यात शाळकरी मुलं होती.

चार वर्षांपूर्वी ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूलच्या समर्थकांनी हल्ला केल्यावर झालेल्या पळापळीत भिंत कोसळून ३९ माणसं मेली होती. त्यामुळे 'दारुडा, दंगलखोर फुटबॉलवेडा' हे चित्र सगळ्यांच्या मनात तयार होतं. पोलिसांनी सांगितलं की लोकांनीच फाटक फोडलं. एका खपाच्या वृत्तपत्राने पहिल्या पानावर छापलं की समर्थकांनी मृतांचे खिसे कापले. लोकांनी विश्वास ठेवला, कारण ते त्या चित्रात बसत होतं. १९८९ च्याच चौकशी अहवालाने पोलिसांच्या ढिसाळ नियंत्रणावर बोट ठेवलं तरी डाग गेला नाही. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने कागदपत्रं तपासली तेव्हा कळलं की पोलिसांच्या शंभराहून अधिक जबान्यांमध्ये फेरफार केले होते. एप्रिल २०१६ मध्ये ज्युरीने निकाल दिला: मृत्यू बेकायदा होते, समर्थकांचा दोष नव्हता. सत्तावीस वर्षं त्या आईबापांनी मुलांच्या दुःखाबरोबर मुलांची बदनामीही सोसली.

लिव्हरपूलमध्ये आजही असंख्य दुकानं ते वृत्तपत्र ठेवत नाहीत. गंमत म्हणणाऱ्याला मी ही एक गोष्ट सांगते, आणि मग थांबते.

त्यांच्या मनात आपल्याबद्दल काय साचे आहेत?

आहेत, आणि त्यातले काही थेट महाराष्ट्रातून गेले आहेत. निवृत्त, लालबुंद चेहऱ्याचा, मिशाळ कर्नल जो प्रत्येक वाक्य "मी पुण्याला असताना" असं सुरू करतो, हे त्यांच्या विनोदातलं जुनं ठरलेलं पात्र आहे. इंग्रजीत वेड लागलेल्याला 'डूलॅली' म्हणतात, ते आपलं देवळाली. मायदेशी जाणारे सैनिक नाशिकजवळच्या या छावणीत जहाजाची वाट बघत पडून राहायचे, उन्हाने आणि रिकामपणाने त्यांची डोकी फिरायची. मूळ शब्द 'डूलॅली टॅप', त्यातला टॅप म्हणजे ताप. आणि पहिल्या महायुद्धात खंदकातले सैनिक घराला 'ब्लायटी' म्हणायचे, तो शब्द 'विलायती'वरून आला. मायदेशासाठी जिव्हाळ्याचा शब्द त्यांनी आपल्याकडून नेला, हे इथे फार थोड्यांना माहीत असतं. सांगितलं की खूश होतात.

सावळा माणूस ब्रिटिश होऊ शकतो का? लोक मानतात का?

कायद्याने होतो, आणि बहुतेक लोक मानतातही. कार्डिफच्या गोदीजवळच्या ब्यूटटाउन भागात सोमाली आणि येमेनी खलाशांची घरं एकोणिसाव्या शतकापासून आहेत. गायिका शर्ली बॅसी तिथल्याच. पण जून १९१९ मध्ये याच भागात काळ्या माणसांवर हल्ले झाले, तेही विसरता येत नाही. १९४८ मध्ये 'एम्पायर विंडरश' जहाजातून कॅरिबियन लोक आले ते ब्रिटिश प्रजाजन म्हणूनच. त्यांच्यातल्या आणि त्यांच्या मागोमाग आलेल्यांतल्या काहींना सत्तर वर्षांनी कागदपत्रांअभावी परके ठरवलं गेलं, सरकारला माफी मागावी लागली.

इथे ब्रिटिश आणि इंग्लिश यातला फरक पुन्हा समोर येतो. ब्रिटिश हा शब्द मोठ्या छत्रीसारखा आहे, बाहेरून आलेल्यांना त्याखाली चटकन जागा मिळाली. 'इंग्लिश' म्हणताना अजून काही जण रंग बघतात. साउदॅम्प्टनला जन्मलेले ऋषी सुनक २०२२ मध्ये पंतप्रधान झाले, तरी ते 'इंग्लिश' आहेत का यावर २०२५ मध्ये जाहीर वाद झाला. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये आशियाई आणि आफ्रिकी वंशाचे नेते प्रमुखपदी बसले. माझा मुलगा स्वतःला वेल्श म्हणतो आणि घरी मराठी बोलतो. त्याला दोन्हींत काही विसंगत वाटत नाही.

लिओ वराडकर ब्रिटिशच ना?

नाही! २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले ते आयर्लंड या स्वतंत्र देशाचे. वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, आई आयरिश. आईवडिलांची भेट मात्र इंग्लंडमध्ये झाली. आयरिश माणसाला ब्रिटिश म्हणणं ही इथली सर्वांत दुखावणारी चूक आहे, ती करू नका.

मग नवीन माणूस भेटला तर काय विचारावं?

"गाव कोणतं तुमचं?" हा आपला प्रश्न इथेही चालतो. गावाबद्दल, फुटबॉलच्या संघाबद्दल, बोलीबद्दल लोक भरभरून बोलतात. फक्त सावळ्या किंवा काळ्या माणसाने 'कार्डिफ' किंवा 'लेस्टर' असं उत्तर दिलं की "नाही, मूळचे कुठले?" असा दुसरा प्रश्न टाकू नका. तो त्याने आयुष्यभर ऐकलेला असतो. तुम्हालाही इथे तो कोणीतरी विचारेलच. नावाचा उच्चार मात्र नीट विचारून घ्या. वेल्श नावं दिसतात तशी बोलली जात नाहीत, आणि तुमचं नाव नीट म्हणण्यासाठी समोरचा धडपडत असेल तर त्याला दोन-तीनदा हळू म्हणून दाखवा. शेजारच्या आजींना 'ज्ञ' यायला आठ दिवस लागले. मला त्यांच्या माहेरच्या गावाचं नाव यायला दोन महिने.